कशाच्या मागे लागायचं, ते जूनच्या आत कसं ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा, वय 26, बी.ए. झालेला. चार वर्षांपासून पोलीस भरती आणि राज्यसेवा, दोन्हींची तयारी. मुक्काम अमरावतीत खोली करून. घरी पाच एकर कोरडवाहू वावर. बाबा 57 वर्षांचे, धाकटी बहीण बारावी होऊन घरीच. मामा म्हणतात आयटीआय कर, गावातले म्हणतात दोन म्हशी घे, बाबा काहीच म्हणत नाहीत. शेवटची ओळ अशी आहे: "मेहनतीले मी भेत नाही, पण मेहनत कशावर करू तेच समजत नाही. गावासाठी कायी करावं असंबी वाटते."

उत्तर लांबणार आहे, भाऊ. नोकरी, वावर, लग्न, बाबांचं वय, बहिणीचं पुढचं, हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून आलंय. गाठोडं तसंच उचलायला गेलं की उचलत नाही. एकेक बाहेर काढू.

पीएसआय, डेअरीवाला, प्रगतिशील कास्तकार ही लोकांनी हाक मारायची नावं आहेत. त्या नावाखाली रोजचं एक काम असतं आणि माणूस आयुष्यभर करतो ते काम. म्हैस म्हणजे पहाटे साडेचारला शेण काढणं, घरात लग्न असलं तरी. फौजदारकी म्हणजे पंचनामे, बंदोबस्त, रात्रपाळी आणि कागद लिहिणं. मोटार वाइंडिंग म्हणजे मान खाली घालून तारेचे वेढे मोजणं. ठरवताना या रोजच्या कामाकडे बघायचं आणि विचारायचं, की यातला माझ्या हातातला भाग केवढा, आणि तो दरवर्षी साठत जातो का? जागा किती निघतील, पाऊस कधी दडी मारेल, कापसाला भाव काय मिळेल, हे तुमच्या हातात नाही. जिथे दुसऱ्याच्या हातातला भाग मोठा आणि तुमचा भाग दरवर्षी परत शून्यावर येतो, तिथे कितीही राबलं तरी पाचव्या वर्षी माणूस त्याच फाट्यावर उभा दिसतो. पुढचं सगळं याच मापानं मोजू.

सुरुवात वहीपासून. शंभर पानी वही घ्या आणि 15 दिवस सकाळी 5 ते रात्री 10 अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडा. दिवसाचे 34 खण होतात. प्रत्येक खणात एक अक्षर लिहायचं: अभ्यासाला अ, वावराला व, घरच्या कामाला घ, मोबाइलला म, नुसतं बसण्या-फिरण्याला फ. अ लिहिताना मात्र कडक राहायचं. त्या अर्ध्या तासात सोडवलेली गणितं किंवा वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पान दाखवता आलं तरच अ, नाहीतर फ. अभ्यासिकेत दहा तास बसणाऱ्यांच्या वहीत खरे अ सात-आठच्या वर क्वचित जातात, म्हणजे चार तास. याची लाज वाटून घेऊ नका. पण "मी रोज दहा तास अभ्यास करतो" या आकड्यावर पुढची दोन वर्षं बांधलेली असतील, तर पायाच पोकळ आहे, एवढं समजून घ्या.

त्याच वहीत मागच्या पानावर दोन गोष्टी टिपा. कोणी न सांगता तुम्ही कोणतं काम हाती घेतलं, आणि गावातलं कोण तुमच्याकडे कशासाठी आलं. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांकडे गाव नकळत बरंच काही आणून टाकत असतं: ई-पीक पाहणी करून दे, महाडीबीटीचा अर्ज भर, फार्मर आयडीचं पाहा, बँकेचं पत्र वाचून सांग. पोरांना ही कटकट वाटते. पण लोक आधीच तुमच्यावर कशाचा भरवसा टाकतात याची ती यादी आहे, आणि अशी यादी कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

आता वावर. इथे अंदाज चालत नाही, हिशोब लागतो. एका एकर कोरडवाहू कापसाचा नमुना देतो. आकडे तुमच्या घरच्या वहीतले टाकून पुन्हा मांडा. सरकीच्या दोन पिशव्या सुमारे 1,800. नांगरणी, वखरणी, सऱ्या 2,500. टोबणी 1,000. खतं 3,500. दोन निंदणं आणि डवरणी 4,500. चार-पाच फवारण्या 4,000. पाच क्विंटल कापसाची वेचणी किलोला 12 रुपयांनी 6,000. गाडीभाडं, हमाली 700. बेरीज 24,000. पाच क्विंटल 7,500 ने विकला तर 37,500 येतात आणि एकरी 13,500 उरतात. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, मग 7,500 का धरला? कारण सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते, 12 च्या वर घेतच नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर पैशाची गरज असलेल्या घरातला पहिल्या वेचणीचा ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्याच, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्याच, काट्यावर जातो. पाच एकरांचे झाले 67,500, आणि तेही पाच क्विंटलचा उतारा आला तर. गुलाबी बोंडअळीने किंवा सप्टेंबरच्या झडीने उतारा तीनवर आला, की येणारे 22,500 आणि वेचणी कमी होऊनही खर्च 21,600. एकरी उरले 900.

हा आकडा कापूस सोडा हे सांगायला दिलेला नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अमरावतीत खोली, मेस, अभ्यासिका, जाणं-येणं धरून महिना 8,000 लागत असतील तर वर्षाचे 96,000 होतात. चांगल्या वर्षी पाच एकर जेवढं कमावतात त्यापेक्षा तुमची तयारी जास्त खाते. फरक कुठून भरला जातो ते बाबांना विचारा. बहुतेक घरांत उत्तर असतं पीक कर्ज, बचत गटाचं कर्ज किंवा आईच्या गळ्यातलं. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. तेच पैसे क्लासच्या फीला गेले आणि मुदत चुकली, की सवलत जाते, व्याज चढतं आणि पुढच्या जूनमध्ये बियाण्याला बँक दारात उभं करत नाही. तयारीचा सगळ्यात महाग खर्च पुस्तकांचा नसतो, हा असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पाच एकर कोरडवाहूला मालकानं स्वतः उभं राहावं असे दिवस वर्षात साधारण 110 ते 130 भरतात. जूनमध्ये टोबणी, जुलै-ऑगस्टमध्ये डवरा-निंदण-फवारणी, मग दसऱ्यापासून वेचणी, उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की पराटी (कापसाची वाळलेली झाडं) काढणं, एप्रिल-मेमध्ये वखरणी. उरलेले दोनशेवर दिवस वावर तुम्हाला मागत नाही. म्हणून "शेती करू का दुसरं काही" हा प्रश्न पाच एकरवाल्यानं विचारायचाच नाही. वावर बूड म्हणून राहतं; त्याच्यावर दुसरं काय बसतं आणि ते वावराच्या दिवसांशी भांडत तर नाही ना, एवढंच पाहायचं. बाबा अजून आठ-दहा वर्षं देखरेख करू शकतात. फवारणीचा पंप मात्र त्यांच्या पाठीवरून आजच उतरवा.

मग परीक्षा. दोन्ही एकत्र चालल्यात, आणि मला वाटतं खरं दुखणं इथेच आहे. पोलीस शिपाई भरतीत 50 गुण मैदानाचे आणि 100 गुण लेखीचे. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, लेखीचेच 1,750 गुण. पहिलीत पर्याय निवडायचा, दुसरीत पानं लिहायची. पहिलीला पहाटे दीड तास धावणं लागतं, दुसरीला तोच दीड तास हात दुखेपर्यंत लेखन. "चालू घडामोडी तर एकच" असं म्हणत दोन्ही ओढल्या की दोन्हीत काठावर राहणं होतं. यातली एक आजच बंद करा. कोणती, ते ठरवायला दहा प्रश्न घ्या, प्रत्येकाचं दीडशे शब्दांत उत्तर लिहा आणि जिल्ह्याच्या गावी शिकवणाऱ्या कोणा प्राध्यापकाला दाखवा. चार वर्षांच्या तयारीनंतर दहापैकी सहा उत्तरांत सांगण्यासारखं काही नसेल, तर राज्यसेवेचं दार तुमच्यासाठी सध्या बंद आहे.

राहिली पोलीस भरती. तिचं एक बरं आहे, मैदान खोटं बोलत नाही. 1600 मीटरला पैकीच्या पैकी 20 गुण हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांत पोचावं लागतं, म्हणजे 400 मीटरचा प्रत्येक फेरा साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मोबाइलच्या अंतरावर भरवसा ठेवू नका. शाळेच्या मैदानावर लांब टेप धरून फेरा मोजा आणि चुन्यानं आखा. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, एकट्यानं नाही तर दोघा-तिघांसोबत पूर्ण ताकदीनं धावायचं आणि चारही फेऱ्यांची वेळ वेगवेगळी लिहायची. पहिला फेरा 68 सेकंदांत आणि चौथा 95 ला आला तर दमसास कमी नाही, सुरुवातीची घाई जास्त आहे. ते महिन्यात सुधारतं. चारही फेरे 92-92 चे पडत असतील तर एकूण 6 मिनिटं 8 सेकंद होतात, पायात वेगच नाही, आणि तो आणायला महिनाभर पुरत नाही. गोळाफेक पोरं शेवटच्या महिन्यावर टाकतात. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो. वीटभट्टीवर दगड फेकून त्याची सवय होत नाही, गोळाच विकत आणावा लागतो, चार जणांत मिळून आणा.

लेखीचं मोजमाप असं करा. मागच्या भरतीतल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या पाच प्रश्नपत्रिका काढा. घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, दर दोन दिवसांनी एक सोडवा. तपासताना नुसते गुण मोजून थांबू नका, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: आलंच नाही, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. समजा 100 पैकी 66 पडले. चुकलेल्या 34 पैकी 9 आले नाहीत, 14 येत होते, 11 वेळेत बसले नाहीत. हा मुलगा तीन महिन्यांत 80 च्या वर जाऊ शकतो, कारण 25 गुण सवयीतून निसटतायत. आता तेच 66, पण 25 आलेच नाहीत. चौथ्या वर्षीही येत नसतील तर आणखी एक वर्ष त्याच क्लासमध्ये, त्याच नोट्सवर बसून ते यायचं काही कारण नाही. गुण तोच असला तरी पहिल्याला थांबवू नये आणि दुसऱ्याला रेटू नये.

मग तुमच्या प्रवर्गाची, तुम्ही अर्ज करणार त्या जिल्ह्याची मागची निवड यादी काढा. शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे 150 पैकी गुण आणि तुमची सरासरी, यातलं अंतर भिंतीवर लिहा. जिल्ह्याजिल्ह्यात हे अंतर बरंच बदलतं, आणि पोरं अर्ज भरताना जागा मोजतात, कटऑफ पाहतच नाहीत. नव्वद दिवसांत हे अंतर निम्म्यावर आलं पाहिजे. आलं, तर पुढची एक भरती पूर्ण ताकदीनं द्या, मात्र गावी राहून. नाही आलं, तर बंद. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 असली तरी शासनाची मर्यादा म्हणजे तुमची मर्यादा असं समजू नका. शासन फक्त अर्ज घ्यायचं कधी थांबवायचं ते ठरवतं. तुमची वर्षं कशात जावीत ते ठरवत नाही.

तारीख मात्र आधी लिहायची, निकाल पाहून नाही. 31 मे. पंचांगाच्या कॅलेंडरवर, सगळ्यांना दिसेल अशी. जूनच्या पहिल्या पावसाला घरातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं असावं लागतं म्हणून ही तारीख.

आता हे नव्वद दिवस, मार्च ते मे, नुसत्या अभ्यासावर घालवू नका. वावर रिकामं आहे. पहाटे मैदान, सकाळी तीन तास अभ्यास, आणि दहा ते सहा तालुक्याच्या गावी एखाद्या कूलर-पंखे-मोटार दुरुस्तीच्या दुकानात बसा. मामांनी सुचवलेलं आयटीआय बरोबर आहे का हे कळायला दोन वर्षं घालवायची गरज नाही, तीस दिवस पुरतात. विदर्भात होळी झाली की घराघरातून गच्चीवरचे, गोठ्यातले कूलर खाली उतरतात आणि मृग लागेपर्यंत दुकानदाराला जेवायला फुरसत नसते. हा हंगाम नेमका वावराच्या रिकाम्या दिवसांत पडतो. दुकानदाराला स्पष्ट सांगा: महिनाभर पैसे नको, पण उघडलेली प्रत्येक मोटार मला पाहू द्या.

पहिल्या आठवड्यात चार-पाच दुखणीच फिरून फिरून येतात. पंखा घूं करतो, फिरत नाही, पण पात्याला हातानं ढकललं की सुरू होतो: बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला. (ढकलून पाहायचं ते काडीनं, बोटानं नाही.) फिरतो पण मंद आणि तापतो: बुश कोरडं किंवा घासलेलं. पंपाचा आवाज येतो, पाणी टाटीवर (कूलरच्या गवताच्या पडद्यावर) चढत नाही: जाळीत आणि नळीत बोअरच्या पाण्याचा क्षार बसलेला. टाटी ओली असून खोली गार होत नाही: खिडकी-दार बंद करून कूलर लावलाय, हवा बाहेर जायला वाट नाही, यात दुरुस्ती काहीच नाही, पण गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हेही काम आहे. आणि सगळ्यात जपायचं दुखणं म्हणजे पत्र्याला करंट येणं. पत्रा ओला, फरशी ओली, पाय अनवाणी. अनेक घरांत तीन पिनांचा प्लग असतो पण अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते. अशा घरचा कूलर "चालतो ना, बस झालं" म्हणून परत देणारा कारागीर आणि अर्थिंग तपासल्याशिवाय न देणारा कारागीर, यांतला फरक दोन उन्हाळ्यांत सगळ्या पंचक्रोशीला कळतो.

तीस दिवसांत पैशापेक्षा स्वतःकडे लक्ष ठेवा. दहाव्या-बाराव्या दिवशी कंटाळा येईल, तो सगळ्यांनाच येतो. पुढे काय होतं ते पाहा. मालक चहाला गेला असताना पुढची मोटार तुम्ही आपणहून उघडता, की मोबाइल काढता? घरी आल्यावर जळालेल्या वाइंडिंगचं कारण शोधता का? हेही टिपा: रोज गिऱ्हाइकं किती, मजुरी किती, सुट्या भागांवर सुटतात किती, आणि उधारी किती. उधारीची ओळ सोडू नका. एप्रिल-मेमध्ये कास्तकाराच्या हाती चुकारा उरलेला नसतो, त्यामुळे खेड्यातली बरीच मजुरी दिवाळीच्या कापसावर जाते. ज्याला पाच महिने उधारी सांभाळता येत नाही आणि मागताना तोंडही उघडत नाही, त्याचा धंदा गिऱ्हाइकांनी भरलेला असूनही बुडतो.

काम अंगाला लागलं तर जूनमध्ये सरकारी आयटीआयला अर्ज. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे, वीजतंत्रीला दहावी पास लागते आणि कमाल वयाची अट नाही. बी.ए. झालेल्यानं सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसायचं, याची जी लाज वाटेल ती पहिला महिनाभर. पुढे शिकाऊ उमेदवारी, मग विद्युत निरीक्षकांकडचा परवाना, वयात बसलात तर महावितरणची विद्युत सहायक भरती, सौर पंपांची देखभाल, वाइंडिंगचं दुकान, एवढ्या वाटा त्या एका दाखल्यातून फुटतात. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत कास्तकाराला सर्वसाधारण गटात 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्केच भरावे लागतात, त्यामुळे गावागावांत पॅनल उभे राहिलेत. कंट्रोलर बंद पडला की माणूस मिळत नाही, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. हाती आलेला हा भाग पाऊस पडला नाही तरी कमी होत नाही.

म्हशींचं लवकर उरकतो. दोन म्हशी सुचवणारे वेतातल्या सगळ्यात चांगल्या महिन्याचं दूध सांगतात. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत सुमारे 430 दिवस जातात, दूध त्यातले 300. सरासरी 6 लिटर धरली तर 1,800 लिटर, म्हणजे भाकड दिवस धरून रोजचं 4.2 लिटर. पन्नास रुपयांनी 210 रुपये. त्यातून सरकी ढेप, कुटार, हिरवा चारा, औषधं. हिरव्या चाऱ्याला मे महिन्यात पाणी लागतं आणि तुमच्याकडे विहीर नाही. शिवाय शेण, चारा, धारा यांतलं निम्मं काम कोण करणार हे न विचारता आई आणि बहिणीच्या अंगावर येतं. विहीर होईपर्यंत हा विषय उघडू नका.

कर्ज काढून धंदा सुरू करायचा झालाच तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 आणि विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. पण ते हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. अनुदानाचे पैसे धरून यंत्र घेणारे पहिल्याच वर्षी हप्त्यात अडकतात. आधी गिऱ्हाईक, मग अवजार, सगळ्यात शेवटी दुकानाचा बोर्ड. प्रत्यक्षात हा क्रम बहुतेक उलटा असतो, उद्घाटनाचा फोटो काढायचा असतो ना. जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं. कर्जाच्या आधी ते घ्या.

कोणताही पर्याय निवडताना आणखी एक रकाना भरा: दोन वर्षांनी हे फसलं तर हातात काय उरेल? भरती फसली तर दमसास, थोडं गणित, आणि 28 वं वर्ष. दुरुस्ती फसली तर हातातली कला राहते, दुसऱ्याच्या दुकानात किंवा कारखान्यात कामाला जाता येतं. म्हशी फसल्या तर विकून निम्मे पैसे. अर्ज भरून देण्याचं काम फसत नाही, पण त्यावर एकट्यावर घरही चालत नाही. ते संध्याकाळचा दीड तास, ठरावीक दर लावून करा. फुकट करत राहिलात तर लोक रात्री अकराला उठवतात.

लग्नाचं बोलायलाच हवं, कारण पोरं ते लिहीत नाहीत आणि निर्णय त्याच्यावरच घेतात. नोकरीवाल्याला मुलगी मिळते, कास्तकाराला मिळत नाही, हे सगळ्या विदर्भात चालू आहे, खोटं नाही. पण "तयारी करतो" हे उत्तर 24 पर्यंत चालतं. 27 नंतर मुलीकडचे तेच ऐकून उठतात. महिन्याला येणारी ठरावीक कमाई, मग ती दुकानातली का असेना, तेव्हा जास्त वजनाची ठरते.

गावासाठी काही करायचं म्हणता, ते सोडू नका, पण लहान आणि नेमकं करा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायला सुरुवात केली. त्याच्या आधी कितीतरी वर्षं तिथले लोक अभ्यास गटात बसून एकेक विषय समजून घेत होते, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ठराव करत नव्हते. तुमच्या गावात असा एक विषय निवडा. गावातल्या सार्वजनिक विहिरीच्या मोटारीचं अर्थिंग, शाळेतलं वायरिंग, किंवा फवारणीच्या दिवसांत मास्क आणि हातमोजे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या फवारणीत विषबाधेनं माणसं गेली आहेत, हा विषय वेगळा पटवून द्यावा लागणार नाही. वर्षाला एक विषय. ज्या कामानं पोट भरतं त्याच्याच शेजारचा असला तर तो टिकतो, दूरचा असला तर दोन मिटिंगांत विरतो.

बहिणीबद्दल तुमच्या प्रश्नात एवढंच आहे की ती घरी आहे. वरची सगळी वही तिलाही द्या. तुमच्यावर वर्षाला 96,000 जातात आणि तिचं शिक्षण "पाहू" वर थांबलंय, हे कागदावर शेजारीशेजारी लिहिलं की दोन्हींकडे नीट बघता येतं. आयटीआयमध्ये मुलींसाठीही जागा असतात, आणि तालुक्याला नर्सिंगचं शिक्षण असेल तर प्रवेशाच्या तारखा याच दिवसांत येतात.

शेवटचं काम सगळ्यात अवघड, बाबांशी बोलणं. ते काही म्हणत नाहीत याचा अर्थ त्यांना चालतंय असा नसतो. पोरगं शिकलेलं आहे, आपण कसं सांगावं, असा असतो. घरात, जेवताना, सगळ्यांसमोर विषय काढू नका. वावरात जा, धुऱ्यावर बसा, वही सोबत न्या. आधी एकराचा हिशोब दाखवा आणि आकडे त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. वेचणीचा खरा दर आणि उताऱ्याचा खरा आकडा त्यांनाच माहीत असतो. मग तुमच्या खर्चाचं पान. मग 31 मे ही तारीख. "बाबा, तोवर मी गावीच राहतो, पैसे मागत नाही, त्या दिवशी तुम्हीच वही पाहा" एवढंच म्हणा. वाटणी, सातबाऱ्यावर नाव, कर्ज यातलं काहीही त्या दिवशी बोलू नका; बापाला तेवढंच ऐकू येतं आणि बाकीचं वाहून जातं. लगेच उत्तर येणार नाही. दोन-तीन दिवसांनी ते आपणहून खोलीच्या भाड्याचं विचारतील, किंवा अमरावतीचं सामान कधी आणायचं ते. तेव्हा शेजाऱ्याचा मालवाहू ऑटो सांगून ठेवा, आणि मेसवाल्याचा या महिन्याचा हिशोब आधी चुकता करा.